कमूबायचा वाघ

माझी थोरली जाऊ कमू दुपारभर भिंतीकडे बघत बसायची, तेव्हा मला तिचा भारी राग यायचा. भांडी पडलेली, कोंबड्या चुलीपाशी, आणि ही बाय आपली कागदात हरवलेली.

तो कागद ढवळूभाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, मोखाड्याच्या बाजारातून आणला होता. नुसतं रान छापलेलं. पण बघत राहिलं की पानांतून पोपट निघायचा, खोडातून ससा. तसली चित्रं तेव्हा बाजारात दोरीला टांगलेली असायची, आणि माणसं खरेदी विसरून बघत उभी राहायची. खाली लिहिलं होतं, वाघ शोधा. कमूबायने नाचणीच्या खळीने तो कागद कारवीच्या कुडाच्या भिंतीला चिकटवला. त्याच दुपारी भाऊजी भिंतीकडे डोकं करून आडवे झाले आणि त्यांना वाघ दिसला. तिने कुठं म्हणून विचारलं तर हसून म्हणाले, "तुझं तू शोध."

पुढं भाऊजी वसईकडे रेतीच्या कामाला गेले, ते तिकडेच तापाने गेले. वाघ दाखवायचा राहिला.

आमच्यात वाघबारशीला वाघोबाला शेंदूर लावतात. वाघ घरातच आहे तर त्यालाही लावायला हवा, असं कमूबायला वाटायचं. पण आहे कुठं? म्हणून दर वाघबारशीला ती अंदाजाने एक ठिपका लावायची. चित्रभर शेंदूर झाला. "यंदा सशाला पुजलंस, बाय," मी चिडवायची. ती म्हणायची, "त्यांनी बघितलेलं मला दिसलंच नाही तर?" मग मीच उठून भांडी घासायला लागायची.

औंदा तिच्या मुलाने, गोकुळने, विटांचं घर बांधलं. जुनं पाडायचं होतं. कागद सोडवायला गेला तर फाटायला लागला. कमूबाय कुडाला पाठ लावून बसली. "आधी मला पाड," म्हणाली. मी गोकुळवर खेकसले, "तेवढा कुडाचा तुकडा काप की, मेल्या."

त्याने तुकडा कापला. दार बुटकं, तुकडा मावेना, म्हणून आडवा करून बाहेर काढला आणि उलटाच टेकवला. अंगणात कोवळं ऊन होतं. "थांबा," कमूबाय हळूच म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला, की मी चित्राकडे बघायचंच विसरले. "हा काय," ती म्हणाली. "एक ठिपका लागलेला नाही त्याला." आणि रडायला लागली. मलाही रडू आलं. भाऊजी भिंतीकडे डोकं करून निजायचे, त्यांना रान उलटंच दिसायचं, हे इतक्या वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

आता नव्या घरात तो तुकडा सरळ उभा केलाय. दुपारी कमूबाय त्याच्याकडे डोकं करून आडवी होते. परवा मीही भांडी तशीच टाकून तिच्या शेजारी पडले. झाडं वरून खाली लोंबायला लागली, पानं हलल्यागत वाटली, डोळे जड झाले.

"कुठंय, बाय?" मी विचारलं.

ती भाऊजींसारखी हसली. "तुझं तू शोध."