खुनी मुनीमच शे

बायकोच्या वर्षश्राद्धाला काय वाटायचं, यावरून माझं आणि पोराचं फोनवर वाजलं. आमच्याकडे पुण्यस्मरणाला आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं जाऊ देत नाहीत. कोणी स्टीलची वाटी देतं, कोणी अभंगांची पुस्तिका छापतं, कव्हरवर गेलेल्या माणसाचा फोटो. पोरगा जळगावला नोकरीला आहे. त्यानं पुस्तिकेचं छापखान्यात सांगूनही टाकलं होतं.

मी म्हटलं, "तिची पुस्तकं वाटू."

"कोणती?"

"पेटीतली. तिनं वाचलेली."

"नाना, त्या खुनाच्या कादंबऱ्या? श्राद्धाला? लोक काय म्हणतील?"

"लोक जेवतील आणि पुस्तक घेऊन जातील. तुझी आई कीर्तनाला बसली की पेंगायची, आणि कादंबरी हातात आली की तिची झोप उडायची. तिच्या नावानं वाटायचं तर तिचं वाटू. दुसऱ्या कोणाचं कशाला?"

तो म्हणाला, विचार करा. मी म्हटलं, केला.

मी तिसरीपर्यंत शिकलो. ती सातवी पास होती, धुळ्याकडची. लग्न होऊन एरंडोलजवळच्या आमच्या गावात आली तेव्हा तिच्या ट्रंकेत लुगड्यांखाली चार कादंबऱ्या होत्या. पुढे बाजाराला गेलो की मी रद्दीच्या दुकानातून आणून द्यायचो. कव्हरवर पिस्तूल असेल तर घ्यायची, नुसतीच रडणारी बाई असेल तर आधी उघडून बघा, एवढं तिनं मला शिकवून ठेवलं होतं. रडणाऱ्या बाईची पण तिला चालायची, फक्त शेवटी ती बाई उठून उभी राहिली पाहिजे.

संध्याकाळी भाकरी झाल्या की ती मोठ्यानं वाचायची. पुस्तकातली मराठी शुद्ध, ती वाचता वाचताच अहिराणी करायची. घरात सगळे ऐकायचे. पोरगी नववीत होती, ऐकता ऐकता तिच्या हातून भाजी करपायची. माझी आई आणि ही, सासूसुनेचं भांडण झालं की अबोला. पण वाचन थांबलेलं आईला चालत नसे. मग ती भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "पुढलं कोनी वाचाव का नही?" आणि ही पण भिंतीलाच वाचून दाखवायची. ज्या पुस्तकानं माझ्या घरातला अबोला मोडला ते वाईट, असं मला कोणी सांगू नये.

दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट कापसात जायची. वेचणीला बायका ओळीनं लागतात, एकेकीच्या वाट्याला जो पट्टा येतो त्याला पात म्हणतात. ही मधल्या पातीला लागायची, म्हणजे दोन्हीकडच्या बायकांना ऐकू जावं. खून झाला, दार आतून बंद, आणि ही गप्प.

"वो माय, मंग काय व्हयनं?"

"आदी पात उरका, मंग सांगसू."

बायका अशा हात चालवायच्या की शेतमालक बांधावर उभा राहून बघत राहायचा. आमच्या गावात बायका कादंबरीच्या प्रकरणाला पातच म्हणायला लागल्या. कोणी आजारी पडून घरी राहिली तर संध्याकाळी दारात येऊन विचारायची, "आज कितल्या पाता व्हयन्यात?"

ती गेल्यावर घर फार शांत झालं. टीव्ही लावून पाहिला, त्यातले लोक ओरडतात पण गोष्ट पुढे जात नाही. मग मी पेटी उघडली. अक्षराला अक्षर लावत वाचायला बसलो. पहिलं घेतलं ते तिचं सगळ्यात लाडकं, बंगल्यातल्या मालकाच्या खुनाचं. हे गावातल्या सगळ्या वेचणाऱ्या बायकांना पाठ. खुनी मुनीम. तिजोरीची किल्ली त्याच्याकडे, आणि पहिल्यापासून त्याची नजर खाली.

वाचत वाचत शेवटाला आलो. खुनी मुनीम नव्हता. खुनी घरचा गडी होता. म्हातारा, इमानदार, सगळ्यांना चहा देणारा.

मला वाटलं, मीच चुकीचं वाचलं. परत वाचलं. गडीच.

तिच्या शेजारच्या पातीला कायम एक बाई असायची, मी तिला अक्का म्हणतो. तिचा नवरा जन्मभर दुसऱ्याच्या शेतात सालदार होता, म्हणजे वर्षभराच्या करारावर राबणारा. पाटलाघरी काही हरवलं की पहिली त्याची पिशवी झटकायचे. त्या अक्काच्या शेजारी वाकून, मालकाला घरच्या गड्यानं मारलं, असं माझी बायको कशी सांगणार होती? तिनं खुनी बदलला. आणि इतक्या वर्षांत कोणाला, मला पण, सांगितलं नाही.

मी जाऊन अक्काला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं.

"खोटं शे, भाऊ. खुनी मुनीमच शे."

"अक्का, मी वाचलं ना."

"तुमी तिसरी नापास."

असं म्हणून तिनं सूप परत उचललं.

पुण्यस्मरणाच्या दिवशी मी मांडवाच्या दाराशी बाज टाकली आणि तिच्यावर सगळी पुस्तकं मांडली. पोरानं पुस्तिकांचा गठ्ठा शेजारच्या टेबलावर ठेवला. माझी बाज मात्र हलवली नाही. लोक जेवून यायचे, पुस्तिका घ्यायचे, बाजेकडे बघायचे आणि चपला शोधायला लागायचे.

आमच्या गावचे निवृत्त गुरुजी आले. एक पुस्तक दोन बोटांत उचललं. "नाना, हे पोरांच्या हातात देण्यासारखं आहे का? यानं संस्कार होतात का?"

"गुरुजी, तुमची नात जेवताना मोबाईलवर काय बघते ते माहीत आहे का तुम्हाला?"

"तो विषय वेगळा."

"वेगळा कसा? या पुस्तकात जो खून करतो तो सापडतो. मोबाईलमध्ये तो नाचतो. माझ्या पोरीनं हीच ऐकली, ती काय बिघडली? आणि माझी बायको मरेपर्यंत हीच वाचत राहिली. तिला संस्कार नव्हते असं म्हणायचं असेल तर माझ्या मांडवात उभं राहून मोठ्यानं म्हणा."

माझा आवाज चढला होता. मांडवात कीर्तनाला उभ्या असलेल्या महाराजांनी थांबून इकडे पाहिलं. गुरुजींनी पुस्तक खाली ठेवलं आणि निघून गेले. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

तेवढ्यात अक्का आली. "ते बंगलावालं कोनतं?"

"तुला वाचता येत नाही, अक्का."

"मनी नात वाचस ना! आते वाचाले लावस तिले. कोन खोटं सांगस ते दखू."

तिनं नातीला धरून बाजेच्या कोपऱ्यावर बसवलं आणि शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचायला लावलं. वेचणीच्या बायका जेवणं सोडून भोवती आल्या. नात वाचत गेली, आणि शेवटाला म्हणाली, "खुनी तर गडी आहे, आजी."

बायकांनी एकच गलका केला. एक म्हणाली, पान फाटलं असेल. दुसरी म्हणाली, पोरीला चष्मा लागला असेल. अक्काचं तोंड पडलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटतं, तिला कळलं. सगळं कळलं. डोळ्याला पदर लावला, मग ताठ झाली.

"मंग पुस्तक चुकनं," ती म्हणाली.

"चुकलंच," मी म्हटलं.

मग बायकांना बाकीच्या पुस्तकांत काय काय चुकलंय ते बघायची घाई झाली. बंगलावालं अक्कानं काखेत मारलं, बाकीची बायकांनी नेली, बाज रिकामी झाली. शेवटी पोरगा येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "नाना, मला एक ठेवायचं होतं." मी म्हटलं, आता जा आणि अक्काच्या दारात नंबर लाव.