अण्णांसाठी पाहिलेल्या जागा

पुण्याहून बदली होऊन मी बेंगळुरूला आले आणि बसवनगुडीतल्या एका घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. खाली घरमालक नवरा-बायको राहत: महांतेश अण्णा आणि शिवलीला अक्का. दोघंही मूळचे निपाणीचे. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडण झालंच तर दोन्ही.

पहिल्याच रविवारी अक्का अवलक्कीची, म्हणजे पोह्यांची, वाटी घेऊन वर आल्या आणि बसता बसता म्हणाल्या, "शाल्मली, तुला कॉम्प्युटरवर मराठी लिहायला येतंय का?"

अक्का प्रवासवर्णनं लिहितात, हे मला तेव्हा कळलं. टेलिफोन खात्यात त्यांनी ट्रंक कॉल जोडण्याची नोकरी केली होती. सगळ्या देशाची गावं कानावरून गेली, पाहिलं मात्र एकही नाही. निवृत्त झाल्यावर महिला मंडळाच्या सहलीबरोबर त्या हंपीला गेल्या आणि परत येऊन मराठी मंडळाच्या अंकासाठी लेख लिहिला. त्यानंतर दरवर्षी कुठं ना कुठं जाणं आणि लिहिणं ठरूनच गेलं. बिदर, बदामी, सांची, लोथल, अनुराधपूर, अंगकोर. जुन्या दगडांच्या त्यांना भारी ओढ.

अण्णा मात्र कुठंच जात नसत. बसमध्ये त्यांना पोटात ढवळायचं. लग्नानंतर एकदा श्रवणबेळगोळला निघाले आणि वाटेत कुणिगलला उतरून परत आले. तेव्हापासून बायकोनं बघायचं आणि यांनी ऐकायचं, अशी वाटणी झाली होती.

अण्णांचं ऐकणं सोपं नव्हतं. हंपीचा पहिला लेख अक्कांनी त्यांना वाचून दाखवला. राजे होते, सनावळ्या होत्या, गजशाळेच्या घुमटांचं वर्णन होतं. अण्णांनी ताटातला भात संपवला आणि विचारलं, "राजा कळला. पण एवढ्या हत्तींना पाणी कोण पाजायचं? आणायचं कुठनं?"

रागानं अक्कांनी कागद कपाटात टाकले. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून दुसऱ्या खेपेला त्या मुद्दाम हंपीला गेल्या आणि दिवसभर नुसते पाण्याचे पाट शोधत हिंडल्या. तो लेख मी टाइप केलाय. घुमट त्यात एका ओळीत येतात. पाणी मात्र डोंगरातनं निघून वळणं घेत शहरभर फिरतं, आणि वाचणाऱ्यालाही तहान लागते.

मग हे असंच सुरू झालं. सांचीला निघताना अण्णांनी सांगितलं, "पाऊस आला की भिक्खू कुठं थांबत असतील, बघून ये." अंगकोरच्या वेळी म्हणाले, "एवढ्या दगडावर शेवाळ धरत असणार. आता घासतंय कोण?" अक्कांनी तिथं झाडू मारणारी एक बाई गाठली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी एका पायरीवर बसून दोघींनी केळी खाल्ली, आणि त्या बाईवर लिहिलेला लेख मंडळातल्या लोकांनी एकमेकांना वाचून दाखवला.

अक्का ग्रीसला जायचं ठरवत होत्या, त्याच वर्षी अण्णांची बायपास झाली. अक्कांनी सहलीवाल्यांना फोन करून नाव काढायला सांगितलं आणि तो विषयच बंद केला. अण्णा बरे झाले, सकाळी बागेत स्वल्प फिरूही लागले, तरी त्या कुठं जायचं नाव काढेनात. लिहिणंही थांबलं. रविवारी वर येऊन त्या माझ्या खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत आणि इकडचं तिकडचं बोलत.

एका संध्याकाळी भाडं द्यायला खाली गेले, तर अण्णा म्हणत होते, "ग्रीस राहिलं की."

"राहू दे. ते दगड कुठं पळून जात नाहीत."

"दगड नाही जात गं. पण मी आता विचारू कुणाला?"

अक्का आत निघून गेल्या. मग अण्णा माझ्याकडे वळले. "तुला रजा मिळते का बघ. तू बरोबर असलीस तर जाईल ती."

निपाणीहून त्यांची बहीण ठकुबाई राहायला आली, भावाच्या जेवणाखाण्याचं सगळं तिनं हाती घेतलं, आणि आम्ही दोघी गेलो.

अथेन्समध्ये अक्का अस्वस्थच होत्या. ऍक्रॉपोलिससमोर उभ्या राहून त्या मनात बेंगळुरूची वेळ मोजत होत्या. तिसऱ्या दिवशी बस आम्हाला एपिडॉरसच्या प्राचीन नाट्यगृहाकडे घेऊन गेली. डोंगराच्या उतारावर दगडी बाकांच्या रांगाच रांगा, आणि खाली मधोमध गोल मोकळी जागा. मधल्या दगडावर उभं राहून साधं बोललं तरी शेवटच्या रांगेत ऐकू जातं, असं गाइडनं सांगितलं. निघताना अण्णांनी नेमकं हेच विचारलं होतं: "खरंच ऐकू येतं, की उगाच म्हणतात?"

अक्कांनी मला फोन देऊन वर पाठवलं. मी सगळ्यात वरच्या रांगेत बसले आणि व्हिडिओ कॉल लावला. अण्णा बसवनगुडीच्या पडवीत, कानाजवळ फोन धरून. खाली अक्का इवल्याशा दिसत होत्या. काहीतरी छान बोलायचं त्यांनी ठरवलं असावं. दोनदा घसा खाकरला, तोही ऐकू आला. मग अगदी घरातल्या आवाजात त्या म्हणाल्या, "अहो, दुपारच्या गोळ्या घेतल्या का?"

आमच्या सहलीतले लोक हसले. अण्णा हसले नाहीत. "घेतल्या," ते म्हणाले. "तिला सांग, घेतल्या."

पण तिथला आवाज खालून वर येतो. फोनमधला आवाज काही खाली जाईना. अण्णांचं उत्तर ऐकायला अक्का गुडघे धरत पायऱ्या चढू लागल्या. मध्ये दोनदा बसल्या. मी खाली यायला निघाले तर हातानंच 'थांब' म्हणाल्या. अण्णांनीही फोन ठेवला नाही. वर पोचल्यावर अक्कांनी फोन हातात घेतला, पण दम लागून बोलता येईना.

"सावकाश," अण्णा म्हणाले. "मी हाय इथं. अगदी शेजारी बसून बोलल्यासारखं आलं. मागं भिंत हाय का काय?"

"भिंत नाही. नुसते दगड हायत, आणि झाडं."

"मग कसं काय?" अण्णांनी फोन दुसऱ्या कानाशी धरला. "मला बघायला पाहिजे होतं ते."

इतक्या वर्षांत अण्णा असं पहिल्यांदाच बोलले. अक्का त्या रांगेत बराच वेळ बसून राहिल्या. बसवाल्यानं हॉर्न दिला तेव्हा म्हणाल्या, "रेल्वेत नाही होत त्यांना मळमळ. येता का म्हणून मी कधी विचारलंच नाही."

डॉक्टरांनी हिवाळ्यात परवानगी दिली आणि दोघं रेल्वेनं बदामीला गेले. मला अक्कांचा फोन आला, त्यात तक्रारच जास्त होती. लेणी बघायला अण्णा वर आलेच नाहीत. तळ्याकाठी देवळाच्या सावलीत बसले, धुणं धुणाऱ्या बायकांशी कन्नडमध्ये गप्पा मारल्या, आणि अक्का खाली आल्या तेव्हा त्यांना म्हणाले, "तू लिहिलेलंस पाणी हिरवं हाय म्हणून. हे काय हिरवं नाही. तांबड्या डोंगराची सावली पडून वेगळंच दिसतंय. बस इथं, नीट बघ."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, बसले," अक्का म्हणाल्या. "लेणी उद्या परत बघीन. आता ते चहा आणायला गेलेत."