सुमरी खिंडीतला दुसरा फोटो

मेलबर्नच्या क्रेगीबर्न उपनगरातल्या शुभदाच्या घरात पाऊल टाकलं की हॉलमध्ये समोरच एक फोटो दिसतो. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीचा. पुण्यातल्या एका कॉलेजची अकरा पोरंपोरी, मागे लखलखीत बर्फाचे डोंगर, हातात कापडी फलक: 'सुमरी खिंड, सोळा हजार फूट'. डावीकडून तिसरी, माकडटोपीतून दात दाखवणारी, ती शुभदा.

आता हे कुणाला सांगू नका, पण त्या फोटोत एक भलीमोठी थाप आहे. पोरं खरी, बर्फ खरा, फलकही खरा. फक्त शुभदा त्या खिंडीत गेलेलीच नव्हती.

झालं होतं असं की, शुभदा चालायला हळू. आजारी नाही, आळशी नाही, हळू. खिंडीच्या अलीकडे तिलमा नावाचं शेवटचं गाव आहे. तिथं मुक्काम पडला आणि त्यांचा लीडर म्हणाला, "तू इथंच थांब. तुझ्यामुळे सगळ्यांचं अडेल." शुभदा वीस वर्षांची होती. ती म्हणाली, "हो हो, जा ना तुम्ही, मी आहे मजेत." पहाटे उठून तिनं दहा जणांना बटाट्याचे पराठे करून दिले आणि पुढचे चार दिवस ओढ्याकाठच्या एका सपाट दगडावर बसून काढले. मंडळी खिंड ओलांडून, पलीकडं मुक्काम करून परत आली, तंबूसमोर फलक धरून उभी राहिली आणि तोच लीडर म्हणाला, "ये गं, तूपण ये फोटोत." ती गेली. घरी फोटो पोचला, वडिलांनी अख्ख्या बिल्डिंगला दाखवला. पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं, ते राहूनच गेलं.

पुढं तर कहरच झाला. दत्तप्रसाद तिला बघायला आला तो हा फोटो बघूनच पाघळला. लग्न झालं, मेलबर्नला आले, मुलगी शिकून सिडनीला नोकरीला लागली, तरी याचं कौतुक संपेना. गणपतीच्या जेवणात, कुणाच्या बार्बेक्यूला, नवीन माणूस दिसला रे दिसला की याचं सुरू: "आमच्या हिनं सोळा हजार फुटांवरची खिंड पार केलीय, माहितीय?" त्या वेळी शुभदा हटकून किचनमध्ये काहीतरी आणायला जायची.

तशी ती लपून बसणारी बाई नव्हे. जवळच्याच पॅथॉलॉजी सेंटरमध्ये ती लोकांचं रक्त काढते. तिथंही सगळं सावकाश. आधी बोटानं शीर चाचपणार, दोन शब्द बोलणार, मग सुई. पण सुई टोचल्याचं कळतसुद्धा नाही, म्हणून म्हातारी माणसं तिची शिफ्ट विचारून येतात. घाई करणाऱ्यांनी लोकांचे हात काळेनिळे करून धाडलेले तिनं पुष्कळ पाहिलेत. मात्र चालायची वेळ आली की तिच्या तोंडी एकच वाक्य: "तुम्ही जा पुढे." दारात, रांगेत, फूटपाथवर. मागून कुणाची पावलं वाजली की ही बाजूला झालीच म्हणून समजा.

आणि मग मागच्या वर्षी ऋतानं ट्रेक काढला. ऋता डँडेनॉन्गला राहते, शाळेत मुलांना डोंगर चढायला शिकवते आणि वर्षातून एकदा आठ माणसं घेऊन हिमालयात जाते. एकोणीस दिवस, गावागावांत मुक्काम आणि शेवटी, काय योग बघा, सुमरी खिंड! मेसेज आला तेव्हा शुभदा चहा घेत होती. तिनं तो तीनदा वाचला. भीती वाटली म्हणावी तर वाटलीच, पण त्यात हावही होती. सत्तावन्न वर्षांची झाली होती ती. आता नाही तर कधीच नाही.

फॉर्म भरायला दत्तप्रसाद हौसेनं लॅपटॉप घेऊन बसला. 'यापूर्वी उंचीवर गेला आहात का?' या प्रश्नापुढं त्यानं स्वतःच ठोकून दिलं: होय, सुमरी खिंड, १९८८. शुभदा कप धरून बघत राहिली. बोलायचं होतं. नाही बोलली.

मग दर रविवारी सराव. डँडेनॉन्गच्या डोंगरात हजार पायऱ्यांची एक वाट आहे, तिथं पाठीवर वजन घेऊन चढायचं. शुभदाच्या सॅकमध्ये पाच किलो कणकेची पिशवी. घरी आली की दत्तप्रसाद विचारायचा, "आणलंस का गं पीठ फिरवून?" हसायची ती, पण वर काय होत होतं ते तिलाच ठाऊक. बाकीची सात जणं तरुण, आयटीतली, तरातरा निघून जायची. ही पोचेपर्यंत त्यांचे थर्मास रिकामे झालेले असायचे. एका रविवारी ती धापा टाकत वर आली, तर नील म्हणाला, "आंटी, तुम्ही आधी करून आलायत ना, सो यू नो हाऊ टु पेस युअरसेल्फ!" नील म्हणजे त्यांच्यातला सगळ्यांत तगडा मुलगा, सव्वीस वर्षांचा. बिचारा मनापासून म्हणाला होता. शुभदाला ते गिळवेना.

तिनं ऋताला बाजूच्या बाकावर नेलं आणि सगळं सांगून टाकलं. तंबू, पराठे, फलक, फॉर्म. "माझं नाव काढून टाक," म्हणाली. "तिथं माझ्यामुळे सगळ्यांचं अडेल."

ऋतानं पाण्याच्या बाटलीला झाकण लावलं. मग म्हणाली, "काकू, फॉर्म बदलू आपण. नाव नाही काढत मी. पण आजपासून तुम्ही पुढे."

"कशाच्या पुढे?"

"सगळ्यांच्या. जो सगळ्यांत हळू, तो पुढे चालणार आणि त्याला कुणीही ओव्हरटेक करायचं नाही. माझा रूलच आहे तो. उंचीवर लोक हळू चालून आजारी पडत नाहीत, पळून पडतात. तुमच्या त्या लीडरला काही कळत नव्हतं, सॉरी टु से." मग तिनं बोट उगारलं. "आणि ते 'तुम्ही जा पुढे' बंद."

ऐकायला सोपं वाटतं हो! पण ज्या बाईनं जन्मभर मागच्याला वाट दिली, तिच्या पाठीशी बुटांचे सात जोड करकरताहेत आणि तिनं बाजूला व्हायचं नाही, म्हणजे शिक्षाच की. पहिले दोन रविवार तिची मान अवघडली, सारखं वळून बघून. तिसऱ्या रविवारी तिनं बघणं सोडलं. वीस पायऱ्या, दोन श्वास. वीस पायऱ्या, दोन श्वास. त्या दिवशी पहिल्यांदाच सगळे एकदम वर पोचले आणि चहा सगळ्यांना गरम मिळाला.

सप्टेंबरात निघाले. तिकडचा वाटाड्या छेरिंग. त्याला ऋताचा रूल ठाऊक होता, तो रोज सकाळी शुभदाला म्हणायचा, "चलिए दीदी, आपकी गाडी आगे." गावं कसली, डोंगराला चिकटलेली दहा-बारा घरं. धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, जर्दाळू वाळत घातलेले, खाली गुरं, मधल्या खोलीत चूल आणि माणसं. कुणाच्याही घरी टेकलं की बायका आधी चहा पुढं करायच्या आणि मग विचारायच्या, "तू इकडे, मग घरी जेवण कोण करतंय?" शुभदा सांगायची, नवरा करतो. त्यावर चुलीभोवती जो हशा पिकायचा, तो दुसऱ्या गावापर्यंत टिकायचा. तेरा दिवसांत कुणालाही साधं डोकंसुद्धा दुखलं नाही.

चौदाव्या दिवशी तिलमा आलं. आता तिथं सौरऊर्जेचे दिवे होते, राहायला छान खोली होती. पण ओढा तोच आणि दगडही तोच. शुभदा जाऊन त्यावर बसली, हात फिरवला आणि परत आली. उद्या खिंड. मधे आता कुणी नव्हतं.

पण संध्याकाळी नील ओकला. डोकं धरून बसला. त्यानं दुपारी गाव दिसल्यावर रूल मोडला होता. शेवटचा चढ पळत पळत जाऊन वरून सगळ्यांचा व्हिडिओ काढला होता. ऋतानं त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावली आणि सगळ्यांना चुलीपाशी बसवलं. "उद्या हवा स्वच्छ आहे, परवापासून ढग सांगितलेत," ती म्हणाली. "हातात एकच जादा दिवस आहे. एक, नील इथं छेरिंगच्या भावाजवळ थांबेल, बाकी आपण उद्या जाऊ. दोन, सगळे एक दिवस थांबू आणि परवा तो बरा असला तर एकत्र निघू. पण परवा हवा बिघडली तर कुणालाच खिंड नाही. जो पुढे चालतो तो आधी बोलणार. काकू?"

खरं सांगायचं तर शुभदाला आधी नीलचा रागच आला. चांगला सणसणीत. सदतीस वर्षांनी हातातोंडाशी आलेली खिंड आणि ह्या घोड्याला व्हिडिओ सुचला! "उद्याच जाऊ" हे शब्द तिच्या ओठांवर होते.

तेवढ्यात कोपऱ्यातून नील म्हणाला, "यू गाइज गो. नो वरीज. मी आहे मजेत."

संपलं. ते वाक्य तिच्याइतकं तिथं कुणाला कळणार होतं?

"थांबायचं," शुभदा म्हणाली. बाकीच्यांपैकी दोघांची तोंडं पडली. मग तिनं सगळ्यांदेखत ती जुनी गोष्ट सांगितली. "चार दिवस मी त्या दगडावर बसले होते. आपलं काय चुकलं, एवढंच डोक्यात. खिंड गेली तर जाऊ दे, पण या पोराला मी तिथं बसवणार नाही." पडलेल्या तोंडांपैकी एकानं उठून नीलला गरम पाणी नेऊन दिलं.

दुसरा दिवस निळाशार उजाडला. असला राग आला तिला त्या आभाळाचा! पण दुपारी नीलचं डोकं दुखायचं थांबलं आणि संध्याकाळी तो दोन रोट्या खाऊन बसला.

त्याच्या पुढच्या पहाटे चारला निघाले तेव्हा ढग होतेच. ऋतानं बजावलं, साडेअकरापर्यंत माथा आला नाही तर जिथं असू तिथून मागे. शुभदा पुढे, तिच्यामागे नील, मग बाकीचे. दहा वाजता धुकं उतरलं. वीस पावलं, दोन श्वास. मग दहा पावलं, तीन श्वास. पावणेअकराला शेवटचा चढ लागला आणि तिचे पाय थिजले. पुढचं पाऊल उचलेना. ती बाजूला सरकली, वळली, तोंड उघडलं.

"डोंट यू डेअर, आंटी," नील म्हणाला.

मागे सात जणं धापा टाकत उभी होती. एकानंही पाऊल पुढं टाकलं नाही. शुभदा परत वाटेवर आली. पाच पावलं, तीन श्वास. पाच पावलं, तीन श्वास. मग धुक्यात दगडांची रास दिसली, तिच्यावर फाटक्या पताका होत्या आणि पुढं चढच नव्हता. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. सुमरी खिंडीत पहिलं पाऊल शुभदाचं पडलं आणि तिनं तिथंच बसकण मारून भोकाड पसरलं. लाज वगैरे काही नाही, अगदी लहान पोरीसारखं. ऋता तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती आणि तीही रडत होती.

मेलबर्नला दत्तप्रसाद न्यायला आला. गाडी एअरपोर्टच्या बाहेर पडेपर्यंत तिनं त्याला सगळं सांगून टाकलं. त्यानं गाडी फ्रीवेला घातली. मग म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना थापा मारत होतो?"

"हो."

"आणि लग्नही फसवून झालंय माझं?"

"हो."

तो हसला. मग जरा वेळानं, रस्त्यावरची नजर न काढता, त्यानं विचारलं, "चार दिवस एकटीच होतीस तिथं? रडलीस?"

सदतीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारणार कसं, सांगितलंच नव्हतं. "खूप," ती म्हणाली. त्यानं गिअरवरचा हात उचलून तिच्या हातावर ठेवला.

आता हॉलमध्ये दोन फोटो आहेत. नव्या फोटोत सगळे दाटीवाटीनं उभे, शुभदा मधोमध, नाक लाल, एक डोळा मिटलेला, आणि मागे नुसतं पांढरं धुकं. ना डोंगर, ना बर्फ. आलेली माणसं जुन्या फोटोसमोर "वा!" म्हणतात आणि नव्यासमोर विचारतात, "हा कुठला? इथलाच का, हिवाळ्यातला?" मग शुभदा पदर खोचते, म्हणजे हल्ली जॅकेटच्या बाह्या सावरते, आणि दोन्ही गोष्टी सांगते. आता किचनमध्ये पळत नाही.

दत्तप्रसादनं एकदा जुना फोटो उतरवायला हात लावला होता. "खोटा आहे ना, काढू का?"

"राहू दे तो," शुभदा म्हणाली. "ती दहा जणं वर गेली ती माझ्या पराठ्यांवर."