पत्रिकेतलं नाव

अमोनियाची बाटली उघडली की मला आमच्या मॅडम आठवतात. त्यांनीच मला शिकवलं, पुढे रत्नागिरीला त्यांच्याच विभागात मी नोकरीला लागले. रसायनशास्त्राच्या शिक्षकांची परिषद आपल्या कॉलेजात भरवायची, ही कल्पनाही त्यांचीच. उद्घाटनाला अमोनियाच्या कारंज्याचा प्रयोग त्या करणार होत्या. तयारी सुरू असतानाच त्यांना कॅन्सर निघाला. केमोनंतर त्या फार थकल्या, म्हणून त्यांचा प्रयोग मी परस्पर पुण्याच्या एका सरांना देऊन टाकला. शेवटच्या बैठकीला मॅडम अचानक रिक्षाने आल्या, डोक्याला स्कार्फ बांधून. खिडकीतून खारा वारा येत होता, टेबलावरच्या छापील पत्रिका फडफडत होत्या. त्यांनी एक उचलून दोनदा वाचली. "माझं नाव दिसत नाही गो?" "मॅडम, तुम्हाला दगदग नको म्हणून..." त्यांनी पत्रिका परत टेबलावर ठेवली. "बरं केलंस," म्हणाल्या, "मी आपली घरी रोज आरशासमोर बोलून बघत होते." परिषदेला त्या आल्या नाहीत, आणि महिन्याभरात गेल्या. आता विभाग मी सांभाळते. त्यांच्या दगदगीचं मी निमित्त केलं होतं. त्यांचा तो ओढलेला चेहरा पाहुण्यांसमोर मलाच नको होता, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.