विहिणीच्या पंगतीतली गजरा

सारंगखेड्यात कुणाच्याही घरचं लग्न असो, वरमाय पंगतीला बसली की बायका म्हणायच्या, गजराला बोलवा. मुलीकडच्या बायकांनी विहिणीला गाण्यातून टोचायचं, ही आमच्याकडची रीत. गजरा माझी धाकटी जाऊ. दिसायला यथातथा, आवाज फुटका, भाजीत मीठ घालायला हमखास विसरणारी. पण गायला लागली की माणसं घास हातात धरून ऐकत. मला ते बघवत नसे, खोटं कशाला बोलू?

ती शिवी कधी देत नसे. उलट स्तुती करी, आणि ती इतकी फुगवी की स्तुतीच चावायची.

"इहीनबाईना हात मोठा,
एक वांगामा जेवनं गाव आख्खं."

जिच्यावर गाणं, तीच आधी हसे. मी चुलीपुढे एकटी बसून कितीदा तसं करून पाहिलं. माझी स्तुती स्तुतीच राहायची.

सन छत्तीसला माझ्या शांतीचं लग्न निघालं. लेक माझी, गाणंही मीच म्हणणार, असं मी गजराला बजावलं. ती बरं म्हणाली. विहीण वरणात बट्टी कुस्करायला बसली आणि मी तिला सरळ कंजूस म्हटलं, काळी म्हटलं, तिच्या माहेरालाही सोडलं नाही. विहिणीने ताट बाजूला सारलं. नवरदेवाकडची माणसं उठायला लागली. शांतीचा चेहरा पांढराफटक पडला.

तेवढ्यात मागून गजराने माझ्यावरच सूर लावला.

"मन्ही जेठानीनी जीभ मोठी गोड,
मिरची बी म्हने, बाई, माले शिकाड."

विहीण हसली. मग सगळा मांडव हसला, शांतीसुद्धा. विहिणीने ताट परत पुढे ओढलं. लेकीचं लग्न वाचलं, आणि मला जावेचा गळा धरावासा वाटला.

दिवाळीला शांती माहेरी आली. तिच्या सासूने गजरासाठी हिरवं लुगडं पाठवलं होतं. मी देते, असं शांतीला सांगून मी ते पेटीत ठेवलं. दिलं नाही.

चार वर्षांनी गजरा तापाने गेली. तिला नेसवायला मी ते लुगडं काढून दिलं. कोरी घडी बघून शेजारची दगूबाई म्हणाली, "किती जीव शे तुन्हा जाऊवर."

मी मान डोलावली. समोर शांती बसली होती. तिने लुगडं ओळखलं.