हुंकाराचा गृहपाठ

आमच्या घरात माझं कोणी ऐकत नाही, म्हणून मी शिक्षक झालो.

तीर्थपुरीच्या एका शाळेत मी सहावी-सातवीला मराठी शिकवतो. नाटक बसवणं, गोष्टी सांगायला शिकवणं हेही माझ्याच गळ्यात (बाकीच्या शिक्षकांना तेव्हा नेमकी कामं निघतात). यंदा पोरांना हुंकार शिकवला. आमच्याकडची म्हातारी माणसं ऐकणाऱ्यानं वाक्यावाक्याला 'हूं' म्हटल्याशिवाय गोष्ट पुढं नेत नसत. हूं थांबला की पोरगं झोपलं असं समजायचं आणि गोष्ट बंद.

"डोळे सांगणाऱ्यावर ठेवायचे," मी वर्गात म्हणालो. "मान हलवायची, हूं म्हणायचं. तो थांबला की हळूच विचारायचं, 'मंग?' बघा, माणूस थांबूच शकत न्हाई."

आणि गृहपाठ दिला, की घरातल्या मोठ्या माणसाला हुंकार देऊन एक गोष्ट काढून आणा.

पोरांनी काढल्या की हो! एकाचे आजोबा सांगण्यात असे रंगले की म्हशीची धार राहून गेली. एकीच्या चुलतीनं भाजी निवडता निवडता घरच्या वाटणीची सगळी भानगड सांगून टाकली आणि सकाळी चुलता शाळेच्या फाटकात हजर. सोमवारी प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांनी 'दोन शब्द' सुरू केले, तर सहावी-सातवीनं एका सुरात हूं लावला. साहेब इतके खुलले की पहिला तास संपला.

"हे काय शिकवून राह्यले तुम्ही?" त्यांनी मला नंतर विचारलं.

"श्रवणकौशल्य, सर," मी छाती काढून सांगितलं.

वर्गात सगळ्यात तयार हुंकार माझ्याच मुलीचा, पिंकीचा. फक्त तिचा गृहपाठ तेवढा राहिला होता. मास्तरांचीच पोर, तिला कोण रागावणार?

त्याच आठवड्यातल्या रविवारी माझ्या धाकट्या बहिणीला, रेखाला, बघायला जुन्या जालन्याहून पाहुणे येणार होते. मुलगा नोकरीला, वडिलांचं कापडाचं दुकान, आष्टीकडं शेती. रेखाला मुलगा मनापासून आवडला होता, दोघांचं फोनवर बोलणंही झालं होतं (हे आमच्या आईला माहीत नव्हतं). पण याआधी दोन स्थळं दारातून परत गेल्ती आणि दोन्ही वेळा कारण एकच, ट्रॅक्टर. आमची रेखा ट्रॅक्टर चालवते आणि तिनं त्यापायी केलेला एक पराक्रम गावभर झालेला होता.

"ओ, आज ट्रॅक्टरचं नाव काढायचं न्हाई," बायकोनं सकाळीच बजावलं.

"मी कशाला काढीन?"

"तुम्ही बोलूच नका. पाणी द्या, हसा, बसा."

"अगं, मी वक्तृत्वस्पर्धेचा परीक्षक माणूस..."

"म्हणूनच."

रेखानं नुसते हात जोडले. तिचा तो चेहरा मला बघवेना. मी शब्द दिला.

मुलगा आणि त्याचे आई-वडील आले. मी पाणी दिलं, हसलो, बसलो. आत पोहे होत होते.

"गुरुजी, शाळेत काय शिकवता?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"मराठी. आणि नाटक."

झालं, एवढंच उत्तर होतं. पण कोपऱ्यातून आवाज आला, "हूं."

पिंकी. डोळे माझ्यावर, मान हलती.

"म्हणजे, दर वर्षी स्नेहसंमेलनाला बसवतो."

"हूं."

"गेल्या वर्षी राजाचं बसवलं. पुठ्ठ्याचा राजवाडा केल्ता, हा एवढा."

"मंग?"

आता तुम्हीच सांगा. या घरात जन्मात पहिल्यांदा कोणी मला 'मंग' विचारलं होतं. बायको दारातून डोळे मोठे करून बघत होती. मला वाटलं, तिलाही रंगत आली.

"मंग राजवाडा शाळेत न्यायचा कसा? तर आमच्या रेखानं..."

"हूं."

"...ट्रॅक्टर काढला."

आत भांडं पडलं. शहाणा माणूस इथं थांबला असता. पण तेवढ्यात मुलाचे वडीलच म्हणाले, "हूं!"

"ट्रॉली रिव्हर्स घेतली ती थेट स्टेजवर! राजवाडा प्रमुख पाहुण्यांच्या अंगावर! राजा पळाला, प्रधान पळाला, आणि पाहुणे राजवाड्याच्या खिडकीतून मुंडकं काढून बसलेले."

"मंग?" मुलाची आई.

मी उभं राहून मुंडक्याचा अभिनयही केला. करता करता लक्षात आलं की हुंकार बंद पडलाय. दारात रेखा उभी होती, हातात पोह्यांचा ट्रे, डोळ्यांत पाणी. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"पूर्ण सांग ना, दादा," ती म्हणाली. "मागं उभं राहून 'येऊ दे, येऊ दे' कोण करून राह्यलं होतं?"

"हूं," पिंकी म्हणाली.

"हाच. तोंड राजाकडं, हात माझ्याकडं. राजाला वाक्य सांगायचं अन् मला 'येऊ दे'. मी बराबर घेतल्ती. चाक स्टेजला टेकलं तरी ह्याचं आपलं 'येऊ दे'."

"मंग?" हे मुलानं विचारलं.

रेखानं सरळ त्याच्याकडं बघितलं. "मंग काय, पाहुण्यांना मीच बाहेर काढलं. ट्रॉली बी मीच काढली. मला ट्रॅक्टर येतो अन् मी चालवणार. जमत नसंल तर आत्ताच सांगा, पोहे गरम हायेत तवर."

मग मुलगा जो हसत सुटला, तो ठसका लागेपर्यंत. त्याचे वडील म्हणाले, "आष्टीला आमचा ट्रॅक्टर नुसता उभा हाये. याला सरळ बी नेता येत न्हाई."

संध्याकाळी फोन आला. मुलगी पसंत, अट एकच. लग्नात गाड्या लावायला गुरुजींना उभं करायचं न्हाई.

रेखा आता आष्टीला नांगरटसुद्धा करते. पिंकीला गृहपाठाचे पैकीच्या पैकी गुण द्यावे लागले. आणि बायकोनं घरात मला हुंकार द्यायला कायमची बंदी घातली. म्हणून हे सगळं तुम्हाला सांगून राह्यलो. तसं तुम्हीही इतक्या वेळात एकदा हूं म्हणाला न्हाईत. पण मी थांबलो का?