खडूवरची रेघ

“मागं वळून बघायचं न्हाई, वैनी. लोखंड लाजतंय,” असं म्हणून तो बुलडोझरकडं पाठ करून बसायचा, आणि आपल्यालाही बसवायचा.

सत्तर सालाच्या आसपास आमच्या सांगलीकडं रानं सपाट करायला जुने बुलडोझर घेत, आणि घेण्याआधी भेगा तपासायला या मिस्त्रीला बोलवत. याची रीत ऐका. जोडावरचा रंग खरवडायचा, तिथं रॉकेल चोळायचं, कोरडं पुसून वर खडूची पूड फासायची. आत भेग असली की मुरलेलं रॉकेल वर येतं, पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. तोवर हा दगडावर बसून हातोडीनं त्याच दगडावर हळूच ठोकायचा. टक्, टक्.

“ते कशाला हो?”

“एकटं वाटाय नगं लोखंडाला.”

घरी चहा दिला तर कपही आधी नखानं वाजवायचा. “चिरलाय, वैनी.”

“चहा प्यायला आलाय का कप इकत घ्यायला?” मी म्हणे. मग हसून बशीत ओतून घ्यायचा.

आमचे हे फौजेतून आले ते बुलडोझरचं वेड घेऊनच. शिरवळला एक बघितला, रंग नवाकोरा. पाठ करून बसलो. वळलो, तर पातं उचलणाऱ्या दांड्यावर रेघ.

हे चिडले, “गड्या, केसाएवढी तर हाय!”

“व्हय. पर त्या दांड्याखाली वाकणार तुमीच.”

तो सोडला. दुसरा घेतला, यानं निवडलेला. दर दसऱ्याला आमच्या अंगणात येऊन तो आधी तिथल्या दगडावर बसून तपासायचा, मगच यंत्राची पूजा व्हायची.

एका उन्हाळ्यात तो तापानं गेला.

त्या दसऱ्याला ह्यांनीच रॉकेल चोळलं, खडू फासला. पूजा झाली की दांड्याखाली शिरून वंगण घालायचं होतं. त्याचा दगड रिकामा ठेवून आम्ही पुढं बसलो, पाठ करून. मी मांडीवर झेंडूचा हार घेतलेला.

टक्, टक्.

आमच्या मागं, दगडावर. मी ह्यांच्या हातांकडं बघितलं. रिकामे. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. कुणीच वळलं नाही. बुलडोझर तर आदल्या दिवसापासून बंद, गार.

आवाज थांबला तेव्हा वळलो. अंगणात कुणी नव्हतं. दांड्यावर वीतभर काळी रेघ, ओली.

ह्यांनी रेघेवर बोट ठेवलं. “शिरलो असतो गं,” एवढंच म्हणाले.

बुलडोझरचा हार मी त्या दगडाला घातला, आणि मागं न बघता घरात आले.